विनेश बोलला म्हणून

भात कापून झालं की पोयनाडच्या पुढं, खाडीकडच्या गावांत शेतांचीच क्रिकेटची मैदानं होतात. त्या मैदानांवर माइक विनेशच्या हातात असायचा. एरवी तो एका गोदामात कारकून होता, पण माणसं त्याला ओळखायची ती समालोचनामुळे. बाद झालेल्या गड्यालाही हसू यावं असं तो बोलायचा. म्हाताऱ्यांची नावं घेऊन चेष्टा करायचा, पण कुणाच्या जिव्हारी लागेल असं कधीच नाही.

प्रज्योत आला तो याच आवाजासाठी. दोघं शाळेत एका बाकावर बसायचे. आता प्रज्योतचं उलव्याला ऑफिस होतं आणि मोबाइलवर शेअरबाजाराचा एक मोठा ग्रुप तो चालवत होता.

"तू फक्त बोल रे," तो म्हणाला. "लिहून मी देतो. आपल्या माणसांना जमिनीचे पैसे मिळालेत, पण परक्याच्या सांगण्यावर ती कुठं गुंतवत नाहीत. तुझ्यावर विश्वास ठेवतील."

सुरुवातीला विनेश साधंच काही सांगायचा. खातं कसं उघडायचं, भाव कुठं बघायचा. पेण, अलिबाग, उरणची माणसं भराभर ग्रुपात आली. मग एक दिवस प्रज्योतनं 'नीलतरंग' नावाच्या कंपनीचा मजकूर पुढ्यात ठेवला. कोळंबी गोठवून परदेशी पाठवणारी छोटी कंपनी. तिला जपानी लोक विकत घेणार, श्रीवर्धनकडे मोठा कारखाना निघणार, बातमी अजून बाहेर फुटलेली नाही, असं त्यात लिहिलं होतं.

विनेशनं वाचून विचारलं, "हे खरं हाय का?"

प्रज्योत हसला. "भाव वाढला की सगळ्यांना खरंच वाटतं."

विनेशला तिथंच उमगलं. प्रज्योतनं आणि त्याच्या भागीदारांनी ते शेअर आधीच मातीमोल भावात घेऊन ठेवले होते. थोडे विनेशच्या बायकोच्या, मृणालीच्या, नावावरही टाकले होते. गावात नवं घर अर्धवट उभं होतं. त्यानं मजकूर वाचला, आवाज ग्रुपात गेला. खाली लगेच माणसं लिहायला लागली. पालीचे निवृत्त गुरुजी म्हणाले मी घेतले, दुबईचा इंजिनियर म्हणाला मीही घेतले. गुरुजी आणि इंजिनियर दोघंही प्रज्योतच्या ऑफिसात शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसून टाइप करत होते.

दुसऱ्या दिवशी विनेश त्याच ऑफिसात असताना शकूचा फोन आला. शकू त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिनंच त्याला वाढवलं. तो तिला बाय म्हणायचा. तिचा नवरा ट्रेलर चालवायचा, वडखळच्या वळणावर अपघातात गेला. आता ती आणि मुलगी प्रणाली, दोघीच.

"विनू, त्या मासळीच्या कंपनीचं बोललास, ते खरं हाय ना रं?"

प्रज्योत समोर चहा पीत होता. भाऊ बोलतो म्हणून कौतुकानं विचारत असेल, असं विनेशला वाटलं. बायला शेअर घेणं कुठलं जमायला!

"व्हय बाय," तो म्हणाला.

"मग ठीक हाय. जेवलास का?"

ती का विचारते हे त्यानं विचारलं नाही. प्रणालीनं आईला खातं उघडून दिलं होतं. नवऱ्याच्या अपघाताची भरपाई शकूनं तोवर बँकेतून हलवली नव्हती. पोरीच्या नर्सिंगसाठी ठेवली होती. फोन ठेवून तिनं ती सगळी नीलतरंगमध्ये घातली.

भाव चढत गेला. लग्नात, बाजारात, मांडव्याच्या बोटीवर तेच बोलणं. मग प्रज्योतनं विनेशला शेअर विकायला सांगितलं आणि त्याच दिवशी नवा मजकूर दिला, 'कुणी घाई करू नका, अजून वर जाणार आहे.' विनेशनं शेअर विकले आणि तो मजकूरही वाचला.

त्यानंतर भाव कोसळला. विकायचं म्हटलं तरी घेणारा मिळेना. कंपनीनं शेअरबाजाराला कळवलं की असा कुठलाच करार नाही. कारखाना तर केव्हाचा बंद होता. ग्रुप नाहीसा झाला, प्रज्योतचा फोन बंद.

रविवारी सकाळी माणसं विनेशच्या अंगणात जमली. सदा पुढं होता. वर्षानुवर्षं तो गावच्या संघाचा कप्तान. बैल विकून त्यानं टेम्पोसाठी पैसे साठवले होते, ते गेले होते.

"विनेशला भायेर काढा," तो ओरडला. "आमी प्रज्योतला वळखत नाय. विनेश बोलला म्हणून घेतले."

तेवढ्यात शकू गर्दीतून वाट काढत आली आणि पायरीवर उभी राहिली. विनेश तिच्या मागं दारात होता. बायनंही शेअर घेतले होते, हे त्याला अजून माहीत नव्हतं.

"माझेबी गेले," ती म्हणाली. "नवऱ्याच्या जिवाचे पैसे होते ते. मी रडत आले का कुणाच्या दारात? माझ्या भावाला त्या प्रज्योतनं फसवलंय. त्याचेबी बुडाले असतील. तो सख्ख्या बहिणीला खड्ड्यात घालील का रं, सदा?"

सदा पायरीपासून बाजूला झाला. एकदोघं मागं वळले. विनेश नुसता उभा राहिला असता तर माणसं तशीच निघून गेली असती. तो खाली उतरला.

"बाय, माझे बुडाले नाय," तो म्हणाला. "मी आधीच विकले."

तिला नीट ऐकू आलं नसावं. "काय?"

"मना म्हाईत होतं. तू फोन केलास तवाबी."

सदा धावून येईल असं मृणालीला वाटलं, पण तो खाली बघत होता. शकूनं पदर नीट केला, पायरीवरून उतरली आणि ज्या वाटेनं आली त्याच वाटेनं गेली. विनेशनं हाक मारली, तिनं मागं पाहिलं नाही.

दुपारी विनेश अलिबागला पोलिसांकडे गेला आणि सगळं सांगितलं. प्रज्योतला काही महिन्यांनी सुरतेत पकडलं. खटला चालू आहे. विनेश जामिनावर आहे. गोदामातली नोकरी गेली, अर्धवट घर विकलं. घराचे जे पैसे आले ते त्यानं सदाला आणि आणखी काही जणांना दिले. सगळ्यांना पुरण्यासारखे ते नव्हतेच.

प्रणाली बारावीनंतर नर्सिंगला गेली नाही. मांडव्याला एका हॉटेलात ती काउंटरवर बसते. शकू पहाटे कोळंबी सोलायला जाते.

महिन्याच्या सुरुवातीला विनेश तिच्याकडे जातो. आता तो विटांच्या गाडीवर आहे, जमेल तेवढं घेऊन जातो. शकू दार उघडते, पैसे घेते. पोरीसाठी घ्यावेच लागतात. पहिल्यांदा तो गेला तेव्हा म्हणाला होता, "बाय, दोन शिव्या तरी घाल."

"शिव्या कशाला?" ती म्हणाली. "नवरा गेला तवा मी म्हटलं, विनू हाय. आता काय म्हणू, ते तूच सांग."

तिनं दार लोटून घेतलं. आतून भांड्यांचा आवाज येत होता. जेवलास का, असं तिनं त्या दिवशी विचारलं नाही, आणि त्यानंतरही कधी नाही.