शहाण्या सुभद्रेचा धडा

सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत गोरे आपसांत लढत होते आणि त्यांच्या भांडणापायी वऱ्हाडातला कापूस सोन्याच्या भावाने चालला होता. कधी नव्हे तो पैसा आला की माणसाला कधी नव्हे ते सुचतं. जानराव पाटलाला शाळा सुचली. अमरावतीहून तिवशाकडे जाताना लागणाऱ्या त्याच्या गावात तोवर अक्षर ओळखणारा एकच जोशी होता, तोही तिथी चुकवणारा. जानरावाने आपली ओसरी मोकळी करून दिली आणि अकोल्याच्या शाळाखात्याच्या साहेबाकडे अर्ज करून शालिकराम मास्तर आणवला.

शालिकराम माळ्याचा पोरगा. बाप अमरावतीच्या बाजारात फुलं विकायचा. पोरगा मात्र पुण्याकडच्या एका पंतोजीच्या छड्या खाऊन शुद्ध बोलायला शिकला, आणि तेव्हापासून त्याला स्वतःच्या बापाचं बोलणं टोचायला लागलं. अशी माणसं वाईट नसतात. त्यांना फक्त वर जायचं असतं, आणि शालिकरामाला अकोल्याच्या थोरल्या शाळेवर जायचं होतं.

पहिल्याच हंगामात कापसाच्या गाड्यांबरोबर पटकीची साथ गावात आली. जानरावाने आपल्या सात वर्षांच्या लेकीला, सुभद्रेला, घाईघाईने तिवशाला आत्याकडे धाडलं. तिच्या भावाला, नऊ वर्षांच्या चंद्रभानला, तोवर ढाळ लागले होते, म्हणून तो मागे राहिला आणि दुसऱ्या दिवशी वारला. महिन्याने पोर परत आली ती दारातूनच "चंद्या!" म्हणून ओरडत. तिच्या आईच्या, पार्वताबाईच्या, तोंडून निघून गेलं, "मामाच्या गावाले गेला माय, मोर्शीले."

पोटचा गोळा गेलेल्या बाईने लेकीला ते सांगायचं बळ कुठून आणावं? मला तिला नावं ठेववत नाहीत. जानरावाने मात्र गावाला दम भरला, की पोरीसमोर कोणी तोंड उघडायचं नाही. पाटलाचा शब्द, त्यातून पैसेवाल्या पाटलाचा; गाव गप्प बसलं. पोरंसोरंही गप्प बसली, कारण त्यांच्याही घरचं कोणी ना कोणी तसंच मामाच्या गावाला गेलेलं होतं.

सुभद्रा गप्प बसणाऱ्यातली नव्हती. एक दिवस ती थेट मास्तरपुढे येऊन उभी राहिली. "मास्तर, मले लिवाले शिकवा. चंद्याले चिठ्ठी धाडाची हाय."

शालिकरामाला खरं काय ते ठाऊक होतं. तरी त्याने हसून तिच्या हातात पाटी दिली. चार-सहा महिन्यांत पोर बाळबोध अक्षर जोडाक्षरांसकट वाचू लागली. मोर्शीकडे जाणाऱ्या गाडीवानाजवळ देतो म्हणून तो तिच्या चिठ्ठ्या घ्यायचा आणि रात्री दिव्याशी वाचून पेटीत टाकायचा.

"चंद्या तुहा भवरा म्या फोडला. मुद्दाम फोडला. तू येत काहून नाई."

"चंद्या तुह्या वाट्याचा गूळ म्या खाल्ला. माय काई बोलली नाई. मारलं बी नाई."

"मामा आला होता. म्या त्याले चावली. तुले कोंडून ठेवते काय तो."

आणि एक चिठ्ठी नुसती एवढीच: "चंद्या तुहं तोंड मले आठवून नाई राहिलं. लवकर ये."

ही वाचून शालिकराम रडला. हे खरं आहे, त्याच्यावर उगाच आळ घेत नाही. पण रडून झाल्यावर त्याने तीही चिठ्ठी पेटीतच टाकली.

पुढे अकोल्याहून हुकूम आला. मुलांच्या पुस्तकासाठी 'धैर्य' या गुणावर धडे पाहिजेत. ज्याचा धडा छापला जाईल त्याचा थोरल्या शाळेसाठी विचार होईल. शालिकरामाने बोरू हाती घेतला. पहिल्यांदा त्याच्या हातून उतरली ती भवरा फोडणारी, मामाला चावणारी, भावाची वाट पाहणारी पोरगी. सकाळी त्याने ते वाचलं आणि त्याला लाज वाटली. असली द्वाड पोर पुस्तकात? साहेब काय म्हणेल? मुलं काय घेतील यातून, चावायला शिकतील? त्याने कागद फाडला आणि दुसरा लिहिला. धडा जसाच्या तसा असा:

"चंद्रभान व सुभद्रा ही भावंडे फार गुणी होती. एके दिवशी चंद्रभान पटकीने मेला. सुभद्रा रडली नाही. ती म्हणाली, देवाने नेले ते बरेच केले. मी रडले तर आईबापांस दुःख होईल. असे म्हणून ती अभ्यासास बसली. मुलांनो, सुभद्रेसारखे शहाणे व्हा."

नावं खरी ठेवली ती जानरावाच्या हट्टापायी. "मास्तर, माह्या पोट्ट्याचं नाव छापून आलं पायजे, बस. अंदर काय लिवता ते तुमचं तुमाले माईत."

"भावाबहिणीच्या प्रेमाचा धडा आहे, पाटील," शालिकराम म्हणाला. पाटलाला अक्षर येत नव्हतं. त्याला ते गोड वाटलं.

वर्षाने पुस्तक छापून आलं आणि ते घेऊन खुद्द अकोल्याचे डिपुटीसाहेब तपासणीला आले. ओसरीत ही गर्दी! बायका दाराआड उभ्या. साहेब म्हणाले, "तुमच्याच मास्तरांचा धडा आहे. वाचा कोणीतरी." दोन पोरं उठली आणि पहिल्याच ओळीला अडखळून बसली. तेव्हा जानरावाला राहवलं नाही. "साहेब, माही पोट्टी वाचते ना!"

पुस्तक साहेबांच्या हातातून सुभद्रेच्या हातात जायला कितीसा वेळ लागतो? 'थांबा' म्हणण्यापुरता तरी लागतोच. पण नेमके तेव्हा साहेब त्याच्याकडे वळून हसले. "मुलीलाही शिकवलंत? अकोल्याला अशीच माणसं हवीत." झालं. शालिकरामाने तोंडाशी आलेला शब्द गिळला.

सुभद्रेने ओळीवर बोट ठेवलं. भावाचं नाव दिसताच पोर अशी खुलली! "माय वं, चंद्या हाय याच्यात!" लोक हसले. ती पुढे वाचू लागली, मोठ्याने, शाळेतल्या हेलात. "एके दिवशी चंद्रभान पटकीने मेला."

बोट थांबलं. तिने ते वाक्य पुन्हा वाचलं, एकेक अक्षर सुटं करून. दाराआड पार्वताबाईने तोंडात पदर कोंबला. जानराव अर्धा उठला आणि साहेब समोर आहेत म्हणून पुन्हा बसला. सुभद्रेने मान वर करून मास्तरकडे पाहिलं. मास्तर जमिनीकडे पाहत होता. मग तिने पुढचं वाक्य वाचलं, त्याच्या पुढचं वाचलं, आणि 'शहाणे व्हा' पर्यंत एकही चूक न करता धडा संपवला.

"शाब्बास!" साहेबांनी मांडीवर थाप मारली. "धड्यातलीच सुभद्रा ही! मास्तर, तुमचं काम झालंच म्हणून समजा." ओसरीतल्या लोकांनी माना डोलावल्या.

पार्वताबाई साहेबाची, पाटलाची, कुणाची पर्वा न करता बाहेर धावत आली आणि तिने लेकीला छातीशी धरलं. "रड माय, एक डाव रड. म्या खोटं सांगतलं तुले. मले मार, मले चाव, पन रड वं!"

पोर तिच्या मिठीत ताठ उभी राहिली. "मी नाई रडली," ती म्हणाली. "असं लिवलं हाय."

"आग लागो त्या लिवल्याले! मास्तर, तुमी सांगा तिले. खोटं हाय म्हना."

सुभद्रा मास्तरकडे पाहू लागली. साहेबही कौतुकाने पाहत होते. शालिकरामाने एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा पोरीकडे.

"पुस्तकात खोटं नसतं, बाळ," तो म्हणाला.

सुभद्रेने आईचे हात हळूच सोडवले. "सोड माय," ती म्हणाली, "मले आता अभ्यासाले बसा लागते."