खाडीकडे तोंड केलेला मुसल्ला

मित्रांनो, शाळेत आत्मवृत्त लिहायला सांगितलं की तुम्ही फाटक्या छत्रीचं लिहिता, मोडक्या खुर्चीचं लिहिता. माझं कुणी लिहिल्याचं अजून ऐकिवात नाही. म्हटलं, वाट कुणाची बघायची? आपलं आपणच सांगावं. मी एक जुना मुसल्ला आहे. नमाज पढताना जमिनीवर अंथरतात ना, ती छोटी सतरंजी, तो मी. माझा रंग एके काळी गर्द हिरवा होता. आता कुणी विचारलंच तर मी शेवाळी सांगतो, विटका म्हणायला जीभ रेटत नाही. माझ्या एका टोकाला मशिदीतल्या मेहराबीची कमान विणलेली आहे. नमाज पढणाऱ्याचं तोंड त्या टोकाकडे असतं. जिथे कपाळ टेकतं आणि जिथे गुडघे टेकतात, तिथलं माझं सूत झिजून टक्कल पडलं आहे. त्या टकलाचा मला भारी अभिमान आहे.

माझा धनी याकूब. श्रीवर्धनच्या बाजूला समुद्रकाठी त्याचं गाव. तरुणपणी त्याला मालवाहू जहाजावर खलाशाची नोकरी लागली, तेव्हा त्याच्या आईनं मला बाजारातून आणलं. निघायच्या दिवशी तिनं त्याला माझ्यावर दोन रकात, म्हणजे दोन फेऱ्यांची नमाज पढायला लावली. मग म्हणाली, “बाबू, नव्या कामावर पाऊल टाकताना तोंडात बिस्मिल्ला असू दे. हलालाचा घास खा. आणि ठाऊक नसेल ते विचार. विचारणाऱ्याची जीभ झिजत नाही.”

त्या गावात किब्ला कधी विचारावा लागत नसे. किब्ला म्हणजे मक्केची दिशा. आपल्या कोकणातून ती मावळतीकडे येते आणि त्या गावात मावळतीला थेट समुद्र. दारात उभं राहून पाण्याकडे तोंड केलं की झालं. शेंबडं पोरसुद्धा चुकायचं नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढे तिनंच घात केला.

जहाजावर मात्र चहूकडे पाणीच पाणी. पाण्याकडे तोंड करायचं तर कुठल्या? शिवाय जहाज वळायचं तसा किब्लाही वळायचा. याकूब बिचारा दर नमाजेच्या आधी मला काखेत मारून वर जायचा आणि जहाज चालवणाऱ्या साहेबाला विचारायचा, “साब, मक्का किधर?” बाकीचे खलाशी फिदीफिदी हसायचे. “अरे, सकाळी सांगितलं ना तुला!” याकूब म्हणायचा, “सकाळी जहाज दुसरीकडे चाललं होतं.” पुढे पुढे तो जिना चढताना दिसला की साहेब आपणच हात करून दिशा दाखवायचे. त्या विचारण्यातूनच त्याची साऱ्या जहाजाशी दोस्ती झाली. ते माझे सुखाचे दिवस होते.

नमाज झाली की याकूब माझा एक कोपरा दुमडून ठेवायचा. मुसल्ला उघडा राहिला तर त्यावर शैतान नमाज पढतो, असं आमच्याकडची जुनी माणसं सांगतात. मला काही शैतान कधी भेटला नाही. पण दुमडलेला कोपरा मला फार आवडायचा. त्याचा अर्थ एवढाच की माणूस थोड्या वेळानं परत येणार आहे.

मग वय झालं. माझं झालं तसं याकूबचंही झालं. जहाज सुटलं, बायको अल्लाहला प्यारी झाली, गुडघ्यांनी दावा मांडला. डॉक्टरांनी खाली बसायला बंदी घातली आणि तो खुर्चीवर बसून नमाज पढू लागला. खुर्चीला मुसल्ला कशाला लागतो? एक दिवस त्यानं मला झटकलं, कोपरा न दुमडता पुरी घडी घातली आणि पेटीत ठेवून दिलं. सोबतीला डांबराच्या गोळ्या. पेटीतून मला त्याच्या खुर्चीची कुरकुर ऐकू यायची. खोटं कशाला बोलू, मी त्या खुर्चीचा हेवा केला. एकटं पडलं की मन असंच कोतं होतं.

पेटी पुन्हा उघडली ती त्याच्या मुलीसाठी. रुकय्या तिचं नाव. डी.एड. झालेली, अबोल, कुणाचं मन मोडायला भिणारी पोरगी. तिला रेवदंड्याच्या एका शाळेत शिक्षिकेची नोकरी मिळाली होती. होकार द्यावा की नाही, म्हणून तिनं इस्तिखाराची नमाज पढून अल्लाहचा कौल मागितला. असा कौल स्वप्नात मिळतो म्हणतात, पण स्वप्नबिप्न काही पडलं नाही. तशी ती हिरमुसली. याकूब म्हणाला, “बेटी, स्वप्न पडायलाच हवं असं नाही. मागितलंस ना? आता पाऊल टाक. भलं असेल तर वाट सोपी होईल.” घरात ही दोघंच. ती गेली की तो एकटा उरणार होता. पण ते तो बोलला नाही आणि तिनंही विचारलं नाही. त्यानं मला तिच्या हातात दिलं. “नवा घेऊ नकोस. याला परक्या जागेची सवय आहे.” मग मूसा पैगंबरांची दुआ तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेतली. ‘परवरदिगार, तू जे काही भलं माझ्याकडे पाठवशील, त्याचा मी गरजवंत आहे,’ असा त्या दुआचा अर्थ. दिघीच्या धक्क्यावरून बोटीनं खाडी ओलांडून, पुढे मुरुडवरून एसटीनं आम्ही रेवदंड्याला पोचलो, तेव्हा आभाळ गच्च भरलेलं होतं.

कोळीवाड्याच्या टोकाला तिनं खोली घेतली होती. एकाच घराचे दोन भाग केलेले. एका भागात आम्ही, भिंतीपलीकडे नीराबाई नावाची कोळीण. आमच्या खोलीला एकच खिडकी आणि खिडकीबाहेर पाणी. रुकय्याला ते पाणी बघून किती बरं वाटलं, काय सांगू! बिस्मिल्ला म्हणून तिनं मला पाण्याकडे तोंड करून अंथरलं. जन्मभर तेच करत आली होती. खिशात किब्ला दाखवणारा फोन होता, पण आपल्या घरात देव कुठल्या कोनाड्यात आहे हे कुणी फोनला विचारतं का?

आणि मित्रांनो, ते पाणी समुद्राचं नव्हतंच. ती खाडी होती, तीही उगवतीच्या अंगाला. रेवदंड्याचा समुद्र आमच्या पाठीमागे, किल्ल्यापलीकडे होता. पावसानं पलीकडचा काठ आणि सूर्य असे झाकून टाकले होते की उगवती कुठली आणि मावळती कुठली, काही पत्ता लागत नव्हता. मलाही कळलं नाही. जहाजावर मुरलेला म्हणून मी मिरवतो, पण खरं सांगायचं तर मला दिशा कधीच कळली नाही. विचारायचा तो याकूब.

शाळेत रुकय्याचं बस्तान काही बसेना. माणसं वाईट नव्हती. पण त्यांची जुनी गट्टी, ही नवखी. सुचिता मॅडम म्हणून एक शिक्षिका होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी डबा खायला बोलावलं. ही “नंतर येते” म्हणाली आणि वर्गातच एकटी जेवली. दुपारच्या जुहरच्या नमाजेला शाळेत एखादा कोपरा मागितला असता तर कुणी नाही म्हटलं नसतं. हिनं मागितलाच नाही. घरी येऊन हुकलेली नमाज पढायची. वर्गात पोरं गोंधळ घालत. हेडमास्तर म्हणाले, “मॅडम, तुमचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही.” हे सगळं मला कसं ठाऊक? सजद्यात गेली की ती रडत रडत अल्लाहला सांगायची आणि कपाळाखाली मीच असायचो.

त्यात आणखी एक गंमत. गंमत आता वाटते, तेव्हा नव्हती. रोज पहाटे फजरच्या नमाजेनंतर ती जरा मोठ्यानं कुराण पढायची आणि लागलीच पाठीमागच्या भिंतीवर थाप पडायची. थप थप. नीराबाईची झोपमोड होते, असं रुकय्यानं धरून चाललं. तिनं आवाज आणखी खाली आणला. तरी थाप पडायचीच. शेवटी ती नुसते ओठ हलवू लागली. नीराबाई वाटेत दिसली की रुकय्या खाली मान घालून सटकायची. खोलीत दिवसच्या दिवस आवाज असा नव्हताच. जहाजावर समुद्राच्या मधोमधही मला एवढं एकटं वाटलं नव्हतं.

असाच एक रविवार उजाडला. फजर झाली होती. रुकय्या तस्बीह, म्हणजे जपाची माळ, घेऊन माझ्यावरच बसली होती. आदल्या दिवशी हेडमास्तर पुन्हा बोलले होते, त्यामुळे डोळे सुजलेले. “अब्बा म्हणाले होते वाट सोपी होईल,” ती पुटपुटत होती. “कुठे होते सोपी?” तेवढ्यात खिडकीतून उजेड आला. खूप दिवसांनी ढग फाटले होते. आणि खाडीपलीकडच्या डोंगरामागून, अगदी तिच्या नाकासमोर, सूर्य वर आला.

तिच्या हातातली तस्बीह गळून पडली. जिथे सूर्य बुडायला हवा, तिथून तो उगवत होता. “या अल्लाह! इतके दिवस मी किब्ल्याकडे पाठ करून उभी होते?” तिनं मला असं काही ओढून घेतलं की माझा काठ उसवला. मग भराभर कपडे बॅगेत कोंबले. मला तळाशी घातलं, पुरी घडी घालून. तिच्या मनानं घेतलं की इथली एकही दुआ वर पोचली नाही आणि ही नोकरी आपल्या नशिबात नाही. बॅगेची चेन लावून तिनं याकूबला फोन लावला.

आवाज मोठा करून फोन बॅगेवरच ठेवला होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं. कितीतरी दिवसांनी याकूबचा आवाज! मी घडीतल्या घडीत शहारलो. ती रडत सांगत होती, तो ऐकत होता. मग त्यानं विचारलं, “तिथं पोचल्यावर किब्ला कुणाला विचारलास?”

“कुणालाच नाही. समोर पाणी होतं.”

“शाळेत जुहरला जागा मागितलीस?”

“नाही.”

“शेजारीण भिंत का ठोकते, ते तरी विचारलंस?”

“तेही नाही.”

“रुकय्या, झालेल्या नमाजांचं मौलानांना विचार. परत पढ म्हणाले तर पढ. नियत अल्लाहला दिसते, त्याची काळजी करू नकोस. पण मी तुला मूसा पैगंबरांची दुआ दिली, ती अर्धीच दिली गो. चूक माझी. ते परमुलखात उपाशीतापाशी पोचले तेव्हा आधी विहिरीवर गेले. दोघी बाया आपली जनावरं घेऊन ताटकळत उभ्या होत्या. त्यांना का थांबलात म्हणून विचारलं, पाणी काढून दिलं. मग झाडाखाली बसून अल्लाहकडे मागितलं. तू थेट झाडाखालीच जाऊन बसलीस.”

“अब्बा, मी घरी येऊ?”

फोनमध्ये खुर्ची कुरकुरली. त्याला काय वाटत होतं ते मला कळत होतं. या म्हातारबाला ती घरी हवी होती, अगदी जिवापाड हवी होती. “ये,” तो म्हणाला. “दार उघडंच आहे. पण आधी विहिरीवर जाऊन ये. मग तुझी मर्जी.”

फोन बंद झाला. मग दार उघडल्याचा आवाज आला आणि शेजारची कडी वाजली.

“नीराबाई, विचारायचं होतं. इथं सूर्य कुठं मावळतो?”

“आगो बाय!” नीराबाईचा आवाज खणखणीत. “सूर्य मावळतो किल्ल्यापाठी, समुद्रात. पर येवढ्या सकालचं त्याचं काय काम काढलंस? आत ये आधी. रोज भितीवर थापा मारतेय मी, चाय ठेवलीय, ये गो, ये गो. तू काय येस न्हाय. मना वाटलं, मास्तरीण हाय, आपल्या घरात कशाला बसंल?”

“चहासाठी थापा मारत होता?”

“मंग कशाला? आमच्यात असंच बोलवतात. पहाटंचा तुजा आवाज आयकला की मना बरा वाटं. पोरा मुंबयला, घरान कोन बोलाया न्हाय. आनी तू त बोलायचीच बंद झालीस.”

पुढचं मला नीट ऐकू आलं नाही, कारण दोघी एकदम हसायला लागल्या आणि त्यातली एक रडतही होती.

दुपारी बॅग उघडली. रुकय्यानं मला बाहेर काढलं, माझा उसवलेला काठ टाचला आणि मला उलट्या अंगाला फिरवून अंथरलं. आता समोर खिडकी नाही, पाणी नाही. समोर नुसती पोपडे आलेली भिंत, नीराबाईची. इतके दिवस आम्ही किब्ल्याकडे पाठ केली होती आणि त्याच पाठीमागे ती बाई चहा ठेवून बसली होती. सोमवारी मी पिशवीतून शाळेत गेलो. सुचिता मॅडमनी वाचनालयातला कोपरा दिला आणि म्हणाल्या, “अहो, मग आधी नाही का सांगायचं?” पोरं अजून गोंधळ घालतात. पण आवाज आता मागच्या बाकापर्यंत जातो म्हणे.

आता पहाटे नमाज संपवून सलाम फेरला की रुकय्याच भिंतीवर थाप मारते. पलीकडून “आयले गो!” अशी हाक येते आणि ती माझा कोपरा दुमडून पळते. मग मी दिवसभर खोलीत एकटाच असतो. तिकडे गावात याकूबही खुर्चीवर एकटा असतो. त्याचे गुडघे आता माझ्यावर कधी टेकणार नाहीत, हे मला ठाऊक आहे आणि त्याचं मला वाईट वाटतं.

मित्रांनो, नव्या जागी गेलात तर दुआ जरूर करा, पण माणसांनाही विचारा. आणि तुमच्या शेजारी कुणी नवं माणूस आलं, तर नुसती भिंत ठोकू नका, दारात जा. राहता राहिली आम्हा जुन्यांची गोष्ट. आम्हाला बाजूला ठेवायची वेळ आली तर ठेवा बापडे. फक्त पुरी घडी घालू नका. एक कोपरा दुमडा आणि जा. आम्ही वाट बघू.