जो पूल पडलाच नाही

मी एक अंगठी बोलतेय, आणि आधीच सांगून ठेवते, मी रागात आहे. गोड गोड ऐकायचं असेल तर एखाद्या साखरपुड्याच्या अंगठीला गाठा. मी लोखंडाची. मला खडा नाही, नक्षी नाही, सराफाच्या दुकानात मला कुणी दारातही उभं करणार नाही. इथे कॅनडात शिकून इंजिनियर झालेल्या पोरापोरींच्या करंगळीत मला घालतात. तीही लिहित्या हाताच्या करंगळीत. आराखड्यावर रेघ ओढताना मी कागदाला घासले जावं आणि त्यांना आठवण राहावी, की या रेघेवरून उद्या माणसं चालणार आहेत.

लोक म्हणतात, आम्ही कुठल्याशा कोसळलेल्या पुलाच्या लोखंडातून घडलो. खोटं आहे. मी साध्या सळईची. कारागिराने मला हातोडीने ठोकलं, कडेकडेने पैलू पाडले, आणि माझ्यासारख्याच ढीगभर अंगठ्यांत टाकून दिलं. पण ही दंतकथा लोकांना फार आवडते. पडलेल्या पुलाच्या गोष्टी सगळ्यांना आवडतात. न पडलेल्या पुलाची गोष्ट कुणी ऐकत नाही. म्हणून तर माझा संताप.

हेल्मी रांतालाच्या बोटात मला घातलं तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. बाप फिनलंडहून येऊन उत्तर ओंटारिओच्या जंगलात झाडं तोडणारा, आई लाकूडतोड्यांच्या खाणावळीत स्वयंपाक करणारी. त्या वर्षी अख्ख्या वर्गात मुली दोनच. समारंभ झाल्यावर बापाने तिचा हात उलटासुलटा करून मला पाहिलं आणि म्हणाला, "एवढं शिकलीस आणि यांनी तुला बोल्टचा नट दिला होय?" हेल्मी हसून हसून रडली.

पहिली नोकरी पाइन नॅरोज नावाच्या गावात. नदीच्या एका काठाला गाव, दुसऱ्या काठाला कागदाचा कारखाना, आणि मध्ये लोखंडी पूल. हेल्मीची कंपनी रस्ते, पूल, गटारं असली कामं करायची. पहिल्याच दिवशी साइटवरचा मुकादम तिला म्हणाला, "आलीस का पोरी? कॉफी दोन साखरेची." तिने कॉफी आणून दिली आणि शेजारी उभी राहून म्हणाली, "आता पिता पिता सांगा, या खड्ड्याला आधार का नाही लावला? माती अंगावर आली तर कॉफी अर्धीच राहील." मुकादमाने आधार लावला. तिचं नाव मात्र दोन वर्षं 'कॉफी'च राहिलं.

मला तेव्हाही राग यायचा. हेल्मीला येत नसे, किंवा ती दाखवत नसे. कुणी चिडवलं की ती मला बोटावर गोल गोल फिरवायची. माझ्या काळ्या डागाने तिची करंगळी कायम मळलेली. तिच्याबरोबरचे पुरुष पुढे गेले. एकजण मुख्य इंजिनियर झाला, दुसऱ्याने टोरांटोत स्वतःची कंपनी काढली. आकडेमोड हिची आणि बैठकीत उभं राहून बोलणार दुसराच, हेही मी पाहिलं. "तुझा आवाज बारीक आहे गं," साहेब म्हणायचे, "मागच्या बाकापर्यंत जात नाही."

हे साहेब म्हणजे डेल्मर क्रोज. माणूस वाईट नव्हता, हेच तर वाईट. कुणाचं लग्न असो, मयत असो, सगळ्यात आधी हजर. हेल्मीची आई गेली तेव्हा त्याने स्वतः तिच्या दारातलं बर्फ उपसलं. पण त्याला कुणालाही नाराज करता येत नसे. आणि ज्याला नाराज करता येत नाही त्याने पूल तपासू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

एका मार्चमध्ये हेल्मी त्या पुलाच्या तपासणीला गेली. हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, बर्फ वितळावं म्हणून. ते खारट पाणी लोखंडाच्या सांध्यासांध्यांत झिरपतं. पुलावरचा रस्ता ज्या लोखंडी पट्ट्यांना टांगलेला होता, त्यांच्या सांध्यात मनगटाएवढ्या जाड पिना होत्या. हेल्मी दोर बांधून खाली उतरली, ब्रशने गंज खरवडला, आणि हातमोजा काढून उघड्या बोटाने पिन चाचपली. बोटाबरोबर मीही त्या पिनेवरून फिरले, आणि एका जागी अडकले.

भेग. केसासारखी बारीक नव्हे, माझी कड आत बसेल अशी. लोखंडाला लोखंडाचं दुखणं कळतं. मी सांगते, ती पिन जेमतेम धरून होती. वरून कारखान्याचा ओंडक्यांनी भरलेला ट्रक गेला आणि ती भेग उघडून मिटली. हेल्मी दोर धरून वर चढली.

तासाभरात ती डेल्मरच्या खोलीत होती. अंगावर गंजाची माती तशीच.

"पूल बंद करा. आजच."

"बस, आधी बस," डेल्मर म्हणाला. "बंद म्हणजे? कारखान्याचा माल कुठून जाणार? वळसा घालायचा तर अख्खी सकाळ जाते."

"जाऊ दे."

"दहा टनांपर्यंतच्याच गाड्या, अशी पाटी लावू ना दोन्ही टोकांना. उन्हाळ्यात दुरुस्ती काढू."

"शाळेची बस भरली की दहा टनांच्या वर जाते, डेल्मर. ड्रायव्हर पाटी वाचून पोरांना खाली उतरवणार आहे? की अर्धी पोरं या काठाला ठेवून जाणार आहे?"

"हेल्मी, हा पूल माझ्या आजोबांच्या वेळेपासून उभा आहे."

"तुमचे आजोबा कुठे आहेत आता?"

डेल्मर चिडला नाही. तो हसला, खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, "दमलीस तू. घरी जा, सौनात बसून वाफ घे, झोप." आणि तिच्यामागे त्याने पाटीचा हुकूम काढून खाली स्वतःची सही केली. त्याच्याही करंगळीत माझ्यासारखीच एक होती. सही करताना ती कागदाला घासली असेलच. काय वाटलं असेल तिला? मी अजून विचार करते आणि माझ्या अंगाला आग लागते.

हेल्मीने प्रांताच्या रस्ते कचेरीत फोन लावला. तो गुरुवार होता. "सोमवारी माणूस पाठवतो," तिकडून उत्तर आलं.

शुक्रवारी सकाळी ती उठली, कॉफी प्यायली, आणि आपला पिकअप ट्रक नेऊन पुलाच्या तोंडाशी आडवा लावला. किल्ली खिशात टाकली आणि रस्त्यात उभी राहिली.

आधी कारखान्याचे कामगार आले. हॉर्न, शिव्या, हसणं. मग पिवळी बस आली. बर्निस पेलांद नावाची धिप्पाड बाई ती चालवायची. ती खाली उतरली आणि हेल्मीच्या छातीशी येऊन उभी राहिली.

"अगं ए बाई, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? बावीस पोरं आहेत आत! थंडीने काकडतायत!"

"काकडू देत," हेल्मी म्हणाली. "पाण्यात जास्त काकडतील."

"कोण म्हणतं पूल पडणार?"

"मी."

"आणि तू कोण गं?"

हेल्मीने मला अंगठ्याने घट्ट दाबलं. इतकं घट्ट, की माझे पैलू तिच्या हाडाला टोचले. "हे बघायला जिला ठेवलंय, ती मी."

पोलीस आला. तरुण होता, गोंधळला होता. तिला म्हणाला, "बाई, ट्रक काढा, नाहीतर मला तुम्हाला न्यावं लागेल."

"ने ना. पण आधी स्वतः खाली उतरून बघ. दोर माझा घे. बघून आलास की हव्या तितक्या बेड्या घाल."

तो उतरला. वर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने आपलीही गाडी तिच्या ट्रकशेजारी आडवी लावली.

पूल बंद झाला. इथे गोष्ट संपायला हवी होती, टाळ्या पडायला हव्या होत्या. ऐका पुढे काय झालं ते.

कारखान्याच्या मालकांना तो कारखाना तसाही विकायचाच होता, हे मागून सगळ्यांना कळलं. पण त्या वर्षी त्यांनी कारण सांगितलं पुलाचं, आणि टाळं लावलं. गावाने दोष कुणाला द्यावा? मिठाला? मालकाला? डेल्मरला? नाही. बारीक आवाजाच्या बाईला. तिच्या खिडक्या फुटल्या. तिच्या ट्रकवर कुणीतरी लाल रंगाने लिहिलं, 'पूल बंद, पोट बंद.' कॉफीच्या दुकानात ती शिरली की बोलणं थांबायचं. दुकानात भेटली तेव्हा बर्निस तिला म्हणाली, "माझा नवरा घरी बसलाय. तुझा पूल पडला असता तर निदान नुकसानभरपाई तरी मिळाली असती."

तुझा पूल! मी किंचाळले असते, पण मला तोंड नाही.

डेल्मरने तिला कामावरून काढलं, तेही डोळ्यांत पाणी आणून. वर तिच्याच विरुद्ध तक्रार केली, की हिने वरिष्ठांना डावलून गावात घबराट पसरवली. चौकशी लांबत गेली. शेवटी एका ओळीत निर्दोष ठरवलं. तोवर तिला कुणी पुलाच्या जवळ फिरकू देत नव्हतं. ती शेजारच्या शहरातल्या कॉलेजात जमिनीची मोजणी शिकवायला लागली.

आणि तो पूल सुरुंग लावून पाडला तेव्हा? काठावर जत्रा भरली. लोक बिअर घेऊन, खुर्च्या घेऊन बसले. पहिल्या स्फोटाला पूल नुसता हलला. दुसऱ्यालाही उभाच. "बघा!" कुणीतरी ओरडलं, "हा म्हणे पडणार होता!" सगळा काठ हसला. अरे गाढवांनो, बाकीचा पूल धड होता, पिना तेवढ्या धड नव्हत्या! तिसऱ्या स्फोटात सगळं नदीत गेलं, ती पिनसुद्धा. भंगारवाल्याने गाळातून काढून वितळवली. तिच्यातल्या भेगेकडे कुणी पाहिलं नाही. हेल्मी मागे झाडाखाली उभी होती. मी तिची वाट पाहत होते, की आता बोलेल, आता ओरडेल. ती घरी गेली आणि तिने वेलदोड्याचा पाव भाजला. त्या दिवशी मला तिचाही राग आला.

वर्षं गेली. डेल्मर गेला, त्याच्या नावाने गावात बाग आहे. हेल्मीचे केस पिकले, सांधे सुजले. माझे पैलू झिजून मी गुळगुळीत झाले. आता मी तिच्या बोटातून निघतच नाही. डॉक्टर कापून काढू म्हणाले. ती म्हणाली, "मी मेल्यावर कापा, तेव्हा मी काही बोलणार नाही."

मागच्या शरदात गावाला अचानक तिची आठवण झाली. नव्या महापौरबाईंना कुणीतरी सांगितलं असावं, की हल्ली असल्या बायकांचे सत्कार करतात. बर्फावरच्या हॉकीच्या बंदिस्त मैदानात समारंभ ठेवला. बर्फावर फळ्या टाकून खुर्च्या, केक, फुगे. महापौरबाई म्हणाल्या, "हेल्मीताईंनी काळाच्या पुढे पाहिलं." टाळ्या. मग म्हणाल्या, "त्यांची ती अंगठी आपल्या संग्रहालयात ठेवायला मिळाली तर..."

हेल्मी माइकपाशी गेली. पण ती लोकांकडे पाहतच नव्हती. ती वर पाहत होती.

"हे छत कुणी तपासलंय?"

सगळे हसले. महापौरबाईही हसल्या. "ताई, आज काम नाही हं, आज केक."

"तुळया भिंतीला टेकतात तिथे बघा," हेल्मी म्हणाली. "गंजाचे ओघळ खालपर्यंत आलेत. पाणी कित्येक वर्षं मुरतंय. यावर हिवाळ्याचं बर्फ चढलं तर मी सांगू शकत नाही काय होईल. हे बंद करा."

टाळ्या वाजवणारे हात मांडीवर आले. "झालं हिचं सुरू," मागून कुणी म्हणालं. आणि तो आवाज बारीक नव्हता, मागच्या बाकावरून पुढपर्यंत आला. महापौरबाईंनी हळूच माइक काढून घेतला आणि बँडला खूण केली.

मी पेटले होते. तेवढ्यात एक तरुण बाई पायऱ्या उतरून आली, गळ्यात शिट्टी. मुलींच्या हॉकी संघाची ती प्रशिक्षक, ट्रीना. महापौरबाईंना ओलांडून ती सरळ हेल्मीसमोर उभी राहिली.

"उद्या आमचा सामना आहे इथे. घेऊ का नको?"

"नको."

"बरं," ट्रीना म्हणाली. वळली, शिट्टी फुंकली आणि ओरडली, "पोरींनो, सामान उचला! बाहेर!"

बस, एवढंच. वाद नाही, आजोबा नाहीत, पाटी नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी तिला प्रश्न विचारला आणि उत्तर ऐकलं. माझा राग क्षणभर कुठे ठेवावा तेच मला कळेना.

नंतर पोरींच्या आयांनी ट्रीनाला बोलून बोलून झोडपलं, महापौरबाईंनी जाब विचारला. पण संघच खेळायला येईना, तेव्हा तपासनीस बोलवावाच लागला. त्याने त्याच दिवशी कुलूप घातलं. आता दोन तुळयांखाली टेकू आहेत आणि दारावर मनाईचा फलक. गावच्या वर्तमानपत्राने बातमी दिली, 'हॉकीचा मोसम वाया.' हेल्मीच्या दारात कुणीतरी सडका केक आणून टाकला.

माझी विनंती नाही, तक्रार आहे, आणि ती तुमच्याविरुद्धही आहे. तुम्ही रोज जिने चढता, बोगद्यांतून जाता, छपराखाली झोपता, आणि सकाळी उठून म्हणता, काहीच तर झालं नाही. ते काहीच न होणं कुणीतरी केलेलं असतं. पुढच्या वेळी तुमच्यात कुणी 'बंद करा' म्हणालं, तर शिव्या जरूर द्या, पण आधी विचारा, 'काय दिसलं तुला?'

बाहेर हॉर्न वाजतोय. ट्रीना आलीय गाडी घेऊन. शाळेच्या तळघरातल्या भिंतीला म्हणे भेग पडलीय, मुख्याध्यापक म्हणतात रंग उडालाय. हेल्मी बूट घालतेय, कुरकुरतेय, "माझा टॉर्च कुठे गेला?" मला आता जायचंय.