बेरीज जुळते

ओदाल्मिस रेसियोच्या खिडकीशी घाई चालत नसे. कायबारिएन या किनाऱ्यावरच्या गावात कॉपी काढून देणारी आणखी चार घरं होती. तिथं पेनड्राइव्ह हातात देऊन माणूस सिगारेट पेटवीपर्यंत काम झालेलं असे. मग सतराव्या भागात मालिका मधेच गोठली, नायिकेचं तोंड हिरवं पडलं, तर ते ज्याचं त्याचं नशीब. हवानाहून दर सोमवारी बसनं हार्डडिस्क यायची, तिच्यात आठवड्याचं गाठोडं असायचं: मालिका, सिनेमे, बेसबॉलचे सामने, कोरियन पोरींची गाणी. इंटरनेट नावापुरतंच, त्यामुळं अख्खं गाव त्या गाठोड्यावर आठवडा काढी. आणि ज्याला ते धड हवं असे, तो निमूटपणे ओदाल्मिसच्या खिडकीशी रांग लावी.

तिची पद्धत ठरलेली होती. कॉपी झाली की काळ्या पडद्यावर ती एक ओळ टाइप करी. त्या ओळीनं फुकटचं, कुठल्याही कॉम्प्युटरवर मिळणारं एक हत्यार चाले. ते अख्खी फाइल टोकापासून टोकापर्यंत वाचून काढी आणि बत्तीस आकडे-अक्षरांचा एक ठसा देई. मूळचा ठसा आणि कॉपीचा ठसा एकच आला तर कॉपी खरी. तीन तासांच्या सिनेमात एका ठिपक्याचा फरक पडला तरी ठसा पार बदलतो, जवळपाससुद्धा येत नाही. जुळलं की पडद्यावर उमटे, 'बेरीज जुळते'. नाही जुळलं की ओदाल्मिस ती कॉपी तिथल्या तिथं पुसे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. चार-चार अक्षरांचे गट करून ती ठसा मोठ्यानं वाचायची, तेव्हा रांगेतली माणसं कंटाळून भिंतीला टेकत.

"हिच्यापेक्षा सरकारी नोटरी बरा," समोरचा फेर्मिन म्हणायचा. डॉमिनोच्या टेबलावरून उठून तो रोज इथं येई, बायकोच्या मालिकेचं निमित्त करून. "तो निदान जेवायला तरी उठतो."

"तुला घाई असेल तर पलीकडे जा, फेर्मिन. तिथं नायिकेचं लग्न कुणाशी होतं ते मात्र कळणार नाही."

ही शिस्त तिला शिकवली ती ओस्निएल कोन्सुएग्रानं. सहा वर्षं दोघांनी याच खिडकीत काम केलं होतं. प्रत्येक डिस्कवर तो जखमेला लावायची पांढरी चिकटपट्टी लावायचा आणि तिच्यावर बॉलपेननं ठसा लिहून ठेवायचा. पोरगा गमत्या होता, पण या बाबतीत फार कडक. "जुळत नाही ती कॉपी नव्हे ओदाल्मिस, ती अफवा," म्हणायचा. "अफवा घरात ठेवू नये." तीन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात तो आणखी चौघांबरोबर खाडीतून बोटीनं, देश सोडून, उत्तरेला गेला. त्यानंतर ना फोन, ना निरोप, ना बोटीची एक फळी. चिकटपट्ट्यांची सवय तेवढी मागं राहिली.

मंगळवारी दुपारी ओस्निएलची आई आली. नेरेइदा मावशीच्या हातात स्वयंपाकघरातलं फडकं होतं आणि फडक्यात डिस्क. तिच्यावर पट्टी होती आणि पट्टीवर त्याचं तिरकं अक्षर.

"ही टकटक करायला लागलीय," मावशी म्हणाली. "यात एकच आहे. त्याचा व्हिडिओ. जायच्या आदल्या दिवशीचा."

ओदाल्मिसला तो व्हिडिओ माहीत होता. गावात कुणाला नव्हता? मावशीनं आपला फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता, समोर खुर्चीत बसून ओस्निएल मलांगाचे कंद सोलत होता. अकरा मिनिटं. त्या फोननं कधीच राम म्हटला होता. मुलाचं एवढंच काय ते शिल्लक होतं.

"एकदाच काढ कॉपी," मावशी म्हणाली. "जशी येईल तशी मला दे. पुन्हा पुन्हा वाचायला लावू नकोस यंत्राला."

"मावशी, माझ्या खिडकीतून जुळल्याशिवाय काही बाहेर जात नाही. त्यातून हा तर ओस्निएल आहे. त्यानंच लिहिलाय ना हा ठसा?"

"त्यानंच. निघायच्या दिवशी सकाळी." मावशीनं तोंड उघडलं, मग रांगेतल्या फेर्मिनकडे तिची नजर गेली. तो कान टवकारून उभा होता. आधीच गावात तिला अर्धवट म्हणत. "एकदाच, पोरी," एवढंच पुटपुटून ती गेली. म्हातारी माणसं यंत्राला उगाच भितात, असं ओदाल्मिसला वाटलं. डॉक्टरला सुई टोचू नका म्हणावं, तसंच हे.

तिनं रांग हटवली आणि खिडकी ओढून घेतली. डिस्क खरंच टकटकत होती. मूळ फाइल वेगळी वाचून तिला आणखी दमवण्यात अर्थ नव्हता, पट्टीवर ठसा होताच. नव्या पेनड्राइव्हवर कॉपीला चार मिनिटं लागली. तिनं ओळ टाइप केली.

बेरीज जुळत नाही.

तिनं आलेला ठसा वहीत उतरवला, तशी तिची सवयच होती. मग कुठं बिघडलंय ते पाहावं म्हणून व्हिडिओ लावला. बिघडलेलं काहीच दिसलं नाही. ओस्निएल खुर्चीत बसून कंद सोलत होता. मधेच मान वर करून म्हणाला, "आई, मीठ कमी टाक, आधीच तुझं रक्त उकळत असतं." ओदाल्मिसला हसू आलं आणि लगेच रडूही. इतक्या वर्षांनी त्याचा आवाज या खोलीत आला होता. तिनं डोळे पुसले, कॉपी पुसली आणि दुसरी लावली. त्याच नावानं, त्याच जागी, जुनीवर नवी.

दुसरीही जुळली नाही. लांबी तीच, अकरा मिनिटं वीस सेकंद. फाइलचं वजन एका अक्षरानंही कमी नाही की जास्त नाही. तिनं लावून पाहिली. ओस्निएल टेबलाशी उभा होता. अर्धा सोललेला कंद बशीत, सुरी हातात. उभ्या उभ्याच तो म्हणाला, "आई, मीठ कमी टाक."

तिनं व्हिडिओ मागं नेला, पुढं नेला. पहिल्या सेकंदापासून शेवटच्यापर्यंत तो उभाच होता. मघाशी आपण नीट पाहिलं नसेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. डोळ्यांत पाणी होतं तेव्हा. पण खुर्ची तिला लख्ख आठवत होती. तो बसलेला होता तेव्हा खुर्चीच्या पाठीचा एक वेत तुटलेला दिसत होता. आता अख्खी खुर्ची दिसत होती आणि तुटलेले वेत तीन होते.

तेवढ्यात वीज गेली. गल्लीभर शिव्या उठल्या, पंखा थांबला. जुन्या बॅटरीवर कॉम्प्युटर तेवढा चालू राहिला. ओदाल्मिसनं थंडगार कॉफीचा एक घोट घेतला. बिघडलेली फाइल काय काय दाखवते ते तिनं आजवर पाहिलं होतं. हिरवे चौकोन, फाटलेले चेहरे, एका सिनेमावर दुसऱ्याचा आवाज. असं स्वच्छ काही कधी पाहिलं नव्हतं. तिला भीती वाटली. भर दुपारी, बाहेर फेर्मिन डॉमिनोच्या सोंगट्या आपटत असताना, तिनं खिडकीची कडीही लावून घेतली.

तिसऱ्या कॉपीत ओस्निएल पाठमोरा होता, मोरीशी उभा राहून सुरी धुत होता. मिठाचं वाक्य तेच होतं. फक्त आवाज आता फोनपासून लांब गेला होता.

ही ठेवावी का? तिचं बोट बटणावर अडलं. नेरेइदा मावशीला ही दाखवावी, विचारावं. पण दाखवणार काय? तुझा मुलगा खुर्चीतून उठला, म्हणून? त्या बाईनं तीन वर्षं काय काय ऐकलं होतं. कुणी म्हणे तो बहामात तुरुंगात आहे, कुणी म्हणे मेक्सिकोत त्याला पाहिला. प्रत्येक बातमीला म्हातारी चर्चमध्ये मेणबत्ती लावून यायची आणि प्रत्येक बातमी खोटी निघायची. आणखी एक अफवा आपल्या हातून तिच्या पदरात पडायला नको. खरा ओस्निएल मूळ डिस्कमध्ये खुर्चीत बसलेलाच आहे, हे सगळे वाचण्यातले दोष. त्यानंच शिकवलं होतं. तिनं पुसलं.

चौथीत तो मागच्या दाराशी होता. एक हात दाराच्या पडद्यावर, तोंड बाहेर. वाक्य इतकं लांबून आलं की 'मीठ' एवढंच कळलं. मग त्यानं मान वळवली आणि फोनकडे पाहिलं. आधीच्या तिन्हींत तो फोनकडे एकदाही पाहत नव्हता. बराच वेळ तो तसा थांबला. निरोप घेताना कुणी उत्तर देतं का याची वाट पाहावी, तसा. ओदाल्मिसनं ठसा वहीत उतरवला, बत्तीसच्या बत्तीस अक्षरं, आणि पुसली कॉपी.

पाचव्या वेळी डिस्कनं एकदा जोरात टक् केलं, मग तिचा आवाजच बंद झाला. कॉपी मात्र पूर्ण आली होती. ओदाल्मिसनं ओळ टाइप केली.

बेरीज जुळते.

विश्वास बसेना म्हणून तिनं पट्टी डोळ्यांजवळ धरली आणि चार-चार अक्षरं मोठ्यानं वाचली. आठ गट. आठही तेच. तिला इतकं हायसं वाटलं की ती खुर्चीत मागं रेलली आणि तिनं खिडकी उघडून वारा आत घेतला. "जुळलं, फेर्मिन," ती ओरडली. "बायकोला सांग, संध्याकाळी मालिका मिळेल." मग तिनं व्हिडिओ लावला.

मावशीचं स्वयंपाकघर. रिकामी खुर्ची, पाठीचे तीन वेत तुटलेले. बशीत अर्धा सोललेला कंद. मागच्या दाराचा पडदा हलत होता, कुणी नुकतंच बाहेर गेल्यासारखा. अकरा मिनिटं वीस सेकंद तेवढंच होतं. आवाज नव्हता.

गुरुवारी सकाळी नेरेइदा मावशी आली. दोन दिवस ओदाल्मिस झोपली नव्हती. मेलेली डिस्क तिनं उघडून पाहिली, पुसलेलं परत काढायचं हत्यार चालवून पाहिलं. जुनीवर नवी, नवीवर त्याहून नवी, त्या जागेवर शेवटच्या कॉपीशिवाय काही उरलं नव्हतं. तिनं मावशीला आत बसवलं, दार लावलं आणि व्हिडिओ दाखवला.

मावशी ओरडली नाही. सगळी अकरा मिनिटं तिनं पाहिलं.

"गेला तर," ती म्हणाली.

"मावशी, तुला माहीत होतं?"

"टीव्हीला जोडून रोज लावायची ना मी. पहिलं वर्षभर तो बसलेलाच असायचा. मग एकदा वाटलं, पाय जरा सरकलेत. मग एकदा खुर्चीच्या कडेला आलेला दिसला. कुणाला सांगणार? मी बघते म्हणून तो उठतोय, हे कळलं तेव्हा बघणंच बंद केलं. पाच महिने लावला नाही. फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवला होता." तिनं पदरासारखं ते फडकं हातात पिळलं. "मग डिस्क वाजायला लागली. म्हटलं, ओदाल्मिसची कॉपी बदलत नाही म्हणतात. तो उठायच्या आत एक काढून घेऊ. उभा असला तरी चालेल. पाठमोरा असला तरी चालेल, पोरी."

"चार होत्या," ती म्हणाली. "एकीत बसलेला होता. बोलत होता तुझ्याशी, मिठावरून."

"कुठंयत त्या?"

"पुसल्या मी. जुळत नव्हत्या."

टेबलावरच्या उघड्या वहीकडे मावशीनं बोट दाखवलं. चार ओळी, एकेकीत बत्तीस अक्षरं. "हे काय?"

"त्यांचे ठसे."

"यातला पहिला, तो बसलेल्याचा?"

"हो."

"मग यावरून नाही काढता येत परत? तू हुशार आहेस. एवढं सगळं नेमकं लिहून ठेवलंयस."

"नाही, मावशी." ओदाल्मिस रडायला लागली. "ठशावरून माणूस करता येत नाही."

म्हातारीनं मान हलवली. तिनं पट्टीवरून बोट फिरवलं, मुलाच्या तिरक्या अक्षरावरून. "आणि रिकाम्या खुर्चीशी जुळलेला हा आकडा त्यानं निघायच्या सकाळी लिहिला," ती म्हणाली. "म्हणजे लिहिताना त्याला ठाऊक होतं. मीच आपली तीन वर्षं त्याला बसवून ठेवला." मग तिनं कॉपीचा पेनड्राइव्ह मागितला आणि मेलेली डिस्कही. दोन्ही फडक्यात गुंडाळली. दाराशी जाऊन ती थांबली.

"यातलं तरी आता काही बदलणार नाही ना?"

ओदाल्मिसनं आयुष्यभर गिऱ्हाइकांना हे उत्तर दिलं होतं, आणि ते कधी खोटं ठरलं नव्हतं.

"नाही, मावशी. कितीही वेळा बघ. आता काहीच बदलणार नाही."