टोपीतला पंखा

मित्रांनो, मी एक पंखा आहे आणि आता चांगलाच जुना झालो आहे. मी घडीचा, बायकांनी हातात धरायचा पंखा. माझ्या काड्या हस्तिदंताच्या आहेत, त्यांवर रेशीम ताणलेले आहे. त्या रेशमावर लंडनच्या एका चिताऱ्याने मेंढ्या राखणारी मुलगी रंगवली. त्याला मेंढ्या काही जमत नसत, त्यामुळे माझ्या मेंढ्या कुत्र्यांसारख्या दिसतात. मुलगी मात्र सुरेख उतरली. दुकानात येणारा प्रत्येक जण तिच्याकडे पाहून थांबे आणि मला फार गर्व वाटे.

लडबरी गावच्या मिसेस थर्लबींनी मला आपल्या लेकीसाठी, हेस्टरसाठी घेतले. हेस्टर दिसायला बेताची, पण हसरी होती. ती मला जपायची. नाचाहून परत आली की ओल्या हाताने कधी मिटायची नाही आणि आईने मागितले तरी देत नसे. ते माझे सुखाचे दिवस होते.

हेस्टरला दोन जणांनी मागणी घालायचे मनात आणले होते. एक होते लेफ्टनंट गाइल्स रेनर, आरमारातले. दुसरे मिस्टर सेप्टिमस क्रेल. क्रेलांकडे मोठे घर, हरणांचे रान आणि गोड जीभ होती. मिसेस थर्लबी क्रेलांवर इतक्या खूश होत्या की ते आले की स्वतःची खुर्ची द्यायच्या. हेस्टरला मात्र रेनर हवे होते. रेनरांच्या जहाजाला हुकूम आला होता, गावच्या वार्षिक नाचाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना निघायचे होते. विचारायचे तर नाचाच्या संध्याकाळीच विचारायचे, हे दोघांनाही ठाऊक होते.

आता लडबरीच्या नाचाची एक जुनी चाल सांगतो. सगळ्या मुलींचे पंखे एका उंच टोपीत गोळा करत. मग पुरुषांनी एकेक करून, न पाहता, टोपीत हात घालायचा. ज्या मुलीचा पंखा हातात येईल तीच त्या संध्याकाळची जोडीदार. तिच्याशीच नाचायचे आणि जेवायलाही तिच्याशेजारीच बसायचे. बदलून मागितले तर त्या मुलीची अब्रू गेली. मुलीने नाही म्हटले तर तिने रात्रभर भिंतीला टेकून बसायचे. अर्थात लबाडी सगळ्याच करत. कोणी पंख्याला अत्तर चोपडी, कोणी काडीवर मेण लावी.

हेस्टरने माझ्या बुडाशी हिरवा रेशमी दोरा गाठला. रविवारी चर्चच्या दारात ती रेनरांना हळूच म्हणाली, "बोटांना गाठ लागेल. नीट चाचपा हं."

"टोपीच काय, समुद्र चाचपेन," असे म्हणून ते लाल झाले.

मिसेस थर्लबी मागेच उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकले आणि दुसऱ्याच दिवशी चहाबरोबर क्रेलांना वाढले.

त्या वर्षी टोपी फिरवण्याचा मान क्रेलांकडे होता. हसत, वाकत त्यांनी सगळ्यांचे पंखे गोळा केले आणि सभागृहाच्या दाराआडच्या बोळात थांबले. खिशातली सुरी काढून त्यांनी माझा दोरा कापला. त्याचे दोन तुकडे केले. एक तुकडा त्यांनी मिस डॉर्कस पिमच्या पंख्याला बांधला. डॉर्कस ही भल्या स्वभावाची, चेहऱ्यावर देवीचे वण असलेली मुलगी. तिचा पंखा हाती आला की पुरुष सुस्कारा सोडत आणि तो तिला ऐकू जाई. दुसरा तुकडा क्रेलांनी खिशात ठेवला. मग मला टोपीच्या अस्तराच्या घडीत खोल दाबून बसवले. हे सगळे करताना ते शीळ घालत होते. मला हात असते तर मी त्यांचे बोट चिमटले असते.

रेनरांचा हात टोपीत आला. तो माझ्या अंगावरून फिरला. मी अस्तराखाली होतो, तो पुढे गेला. गाठ लागली आणि त्यांनी पंखा बाहेर काढला. "मिस पिम!" असा पुकारा झाला.

डॉर्कस उभी राहिली. आपला पंखा कोणी हसत हसत काढल्याचे तिने पहिल्यांदाच पाहिले होते.

टोपी फिरवणाऱ्याने शेवटी काढायचे असते. क्रेलांनी मला काढले, बाहीच्या आड दुसरा तुकडा माझ्या बुडाशी बांधला आणि मला हेस्टरच्या हातात दिले. तिने पाहिले तर दोरा जागच्या जागी होता. म्हणजे रेनरांच्या बोटांना तो लागला होता आणि त्यांनी सोडून दिला होता!

क्रेल तिच्या कानाशी म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. मिस पिमच्या वडिलांची दोन जहाजं आहेत. आरमारातल्या माणसाला जहाज दिसलं की बाकी काही दिसत नाही."

आणि लिंबूसरबत आणायला जाताना रेनरांपाशी थांबून म्हणाले, "काय चेष्टा करते हो ही पोरगी! सकाळी मैत्रिणींना हिरवे दोरे वाटत होती. म्हणे, बघू या खलाशी कुणाच्या गळाला लागतो."

नाचाच्या रांगेत एकदा हेस्टर आणि रेनर समोरासमोर आले. एका फेरीपुरता हात हातात आला.

"तुमची गंमत पोचली, मिस थर्लबी," रेनर म्हणाले.

"आणि तुमची निवडही दिसली. अभिनंदन," हेस्टर म्हणाली.

फेरी संपली. रांग पुढे सरकली. मी तिच्या मनगटाला लटकत होतो आणि मला सगळे माहीत होते, मित्रांनो. मला तोंड नव्हते. तोंड होते त्या दोघांना, पण त्यांनी मान ताठ ठेवली.

रेनर सकाळी निघून गेले. हेस्टर शरद ऋतूत मिसेस क्रेल झाली. पुढे रेनरांनी डॉर्कसशी लग्न केल्याचे कळले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "बरं झालं." मग खोलीत गेली आणि जेवायला आली नाही.

अनेक वर्षांनी, युद्ध संपल्यावर, कॅप्टन रेनर सपत्नीक लडबरीत आले. क्रेलांनीच त्यांना आग्रहाने जेवायला बोलावले. हरणाचे मांस झाले, फळे आली, मद्य बरेच झाले. आणि मिस्टर क्रेल खुर्चीत मागे रेलले.

"आता जुनं झालं, सांगायला हरकत नाही. एक गंमत ऐका," ते म्हणाले. आणि बोळातली शीळसुद्धा न वगळता त्यांनी सगळे सांगितले.

कॅप्टन रेनरांनी हेस्टरकडे पाहिले. हेस्टरने मला उघडून तोंडासमोर धरले होते.

डॉर्कस हळूच नवऱ्याला म्हणाली, "म्हणजे माझा पंखा तुम्हाला नकोच होता?"

रेनर अजून हेस्टरकडेच पाहत होते. डॉर्कसने रुमालाची घडी केली आणि ताटाशेजारी ठेवली.

"अहो, हसा की!" क्रेल म्हणाले. "सगळ्यांचं भलंच झालं ना?"

आणि घरची यजमानीण म्हणून हेस्टर सगळ्यांत आधी हसली. तिच्या तोंडाला सर्वांत जवळ मीच होतो. तिचे ओठ हसत नव्हते, फक्त आवाज येत होता. त्या आवाजात तिची मूठ आवळली आणि माझ्या दोन काड्या कडकन मोडल्या.

"राहू दे गं, नवा घेऊन देईन," क्रेल म्हणाले.

त्यांनी नवा दिला. मी खणात गेलो. ती गोष्ट मात्र क्रेलांना इतकी आवडली, की आता प्रत्येक पाहुण्याला ते ती सांगतात. गेल्या आठवड्यात त्यांनी मला शोधून काढले. पंखा हातात असला की गोष्ट रंगते, असे त्यांचे म्हणणे. उद्या मला कारागिराकडे पाठवणार आहेत.

"चालेल ना?" त्यांनी विचारले.

"जशी तुमची मर्जी," हेस्टर म्हणाली.

मित्रांनो, मोडलेल्या वस्तू विनवतात की आम्हाला जोडा, जपा. ते बरोबरच आहे. पण मी जर वाटेत तुमच्यापैकी कोणाच्या हाती लागलो, तर मला जोडू नका. सरळ शेकोटीत टाका. आणि जमले तर टाकण्याआधी हेस्टरला बोलवा.