टोपी ठेव, काठी ने

मी एक जुनी बांबूची काठी आहे, मित्रांनो. मला पाय एकच, आणि तोही दुसऱ्याने उचलल्याशिवाय पुढे पडत नाही. तरी हा डोंगर मी तुमच्यापेक्षा जास्त वेळा चढले आहे.

घोटीकडच्या एका किल्ल्याच्या पायथ्याशी भागीबाई ताक विकते. तिचा गुडघा धरू लागला, तेव्हा तिच्या नवऱ्याने, काळूने, मला तोडले, तासले आणि विस्तवावर शेकून सरळ केले. पुढच्या वर्षी काळू वारला. मी राहिले. दर मंगळवारी माझ्या आधाराने भागीबाई अर्ध्या वाटेवरच्या गुहेत देवीपुढे दिवा लावायला जायची. बाकीचे दिवस मला दमलेल्या पाहुण्यांना द्यायची. अट एकच.

"काठी ने, टोपी ठेव. उन्हात डोकं तापलं म्हंजे काठी ध्यानात राहती."

ही युक्ती कधी फसली नव्हती. मग एका रविवारी पंचवटीचा रोहित आला. टोपी ठेवून त्याने मला नेले. गुहेपर्यंत त्याचे डोके नियमाप्रमाणे तापले. पण तिथे त्याची मैत्रीण हर्षाली म्हणाली, "अरे, टोमॅटो झालायस नुसता! ही ओढणी बांध."

डोके थंड झाले. तिथेच घात झाला.

किल्ल्यावर फोटोसाठी त्याने मला खडकाच्या फटीत रोवले. "काय भारी दिसतेय रे काठी!" हर्षाली म्हणाली. वारा मला ढकलत होता. मी पडले असते तर खडखड आवाज झाला असता, त्यांना आठवण झाली असती. पण कौतुक ऐकून मी ताठ उभी राहिले. ती दोघे पलीकडच्या वाटेने गाडीकडे उतरली. त्या ताठपणाचे मला आजही वाईट वाटते.

पुढे कुणीतरी वाटेची खूण म्हणून मला भगवी चिंधी बांधली. चिंधी पाहून दुसऱ्याने हात जोडले. तिसऱ्याने नारळ फोडला. दोन महिन्यांत मला शेंदूर लागला आणि मला न विचारता माझा 'काठीबाबा' झाला.

गुहेचे तोंड इथून दिसते. मंगळवारी तिकडे कुणीच फिरकत नाही.

परवा वेदिका आणि महेश नावाचे दोघे पाहुणे वर आले. वेदिकाच्या हातात ताकाची बाटली होती.

"खालच्या आजींनी पाठवलंय. काठीबाबा गुडघ्याला पावतो म्हणे. स्वतःच येणार होत्या, पण त्यांची काठी कुणीतरी नेलीय. त्याची टोपी अजून खुंटीला आहे. म्हणतात, पोराचं डोकं उन्हात तापत असंल."

महेशने माझ्याकडे पाहिले. "मग हीच नेऊया का त्यांना?"

"वेडा आहेस का? देव आहे तो!"

आणि त्यांनी भागीबाईचे ताक माझ्या पायाशी ओतले.

मित्रांनो, नेलेली वस्तू जागेवर ठेवावी, हे तुम्हाला शाळेत सांगितलेच असेल. मी एवढेच मागते की वर आलात तर मला हात जोडू नका. त्याच हातांनी मला उपटा. खाली जिथे खुंटीला टोपी दिसेल, तिथे मला द्या.

मंगळवारच्या आत आलात तर बरे होईल.