एकही लाल नको

छत्र्यांच्या त्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे जावईबापू म्हणत, कारण कारखान्याचे मालक त्यांच्या बायकोचे सख्खे मामा. घरी मामा, कारखान्यात साहेब. समुद्रावर जायचा बेत साहेबांपायी इतक्यांदा बारगळला होता, की आज बायकोनं निर्वाणीचं सांगितलं होतं, "दुपारी गाडी घेऊन फाटकाशी येते. नाही आलास तर एकटी जाईन. फोटोसुद्धा पाठवणार नाही."

आडवं आलं नवं सॉफ्टवेअर. चोर कुठून शिरेल, हे एकेक कॉम्प्युटर तपासून सांगायचं, हे त्याचं काम. साहेबांनी ते हौसेनं आणलं आणि फर्मान काढलं: रिपोर्टात एकही लाल ओळ नको, मग सुट्टी.

सॉफ्टवेअर मुलखाचं संशयी. प्रिंटर रोज सकाळी आपणहून जागा होतो, म्हणून लाल. पॅकिंगच्या बाईंनी पासवर्ड बदलला नाही, म्हणून लाल. त्यांनी बदलला, तर आत्ताच का बदलला, म्हणून पुन्हा लाल.

"साहेब, ही खोटी बोंब आहे. आपण कुलूप नवं घातलंय, पण हे महाशय दारावरची जुनी पाटी, म्हणजे प्रोग्रॅमचा जुना नंबर, वाचून घाबरतात."

"मग पाटी बदला."

जावईबापूंनी पाटी बदलली. सॉफ्टवेअरनं कळवलं, की कुणीतरी पाट्या बदलतंय.

असं करत करत डबा खायच्या वेळेपर्यंत एकच लाल ओळ उरली. पण ती लुकलुकत होती. 'एक कॉम्प्युटर बाकी सगळ्यांची दारं ठोठावतो आहे, कुलपं चाचपतो आहे. त्याची जोडणी ताबडतोब तोडा.'

साहेब खुर्चीतून उठलेच. "बघा! म्हणे खोटी बोंब! घरात चोर बसलाय!"

जावईबापूंनी तो कॉम्प्युटर कुठला ते शोधलं. पुन्हा एकदा खात्री केली. मग त्यांना असं काही हसू फुटलं, की टेबल धरावं लागलं.

"साहेब, चोर हाच. हे सॉफ्टवेअर ज्याच्यावर बसवलंय, तोच कॉम्प्युटर! तपासायचं म्हणून सकाळपासून तेच दारं ठोठावत हिंडतंय. स्वतःच स्वतःला पकडलंय त्यानं!"

साहेबांचा चेहरा ढिम्म.

"ओळखीचा म्हणून याला वगळता येईल," जावईबापू डोळे पुसत म्हणाले.

"ओळखीचा? इथे कुणाची ओळख चालत नाही. मी जावयाला सोडत नाही, त्याला सोडू? तोडा!"

"पण मग तपासणार कोण?"

"तोडा म्हणतोय ना!"

जावईबापूंनी त्या कॉम्प्युटरची नेटवर्कची वायर उपटली. पडद्यावरचं लुकलुकणं थांबलं. रिपोर्ट धुतल्यासारखा कोरा झाला.

"एकही लाल नाही?" साहेबांनी चष्मा वर करून पाहिलं.

"नाही. पण साहेब, खरं सांगायचं तर आता ते काही बघतच नाहीये."

"नसू दे. एवढा स्वच्छ रिपोर्ट मी जन्मात पाहिला नाही," साहेब गहिवरून म्हणाले.

तेवढ्यात फाटकाबाहेर हॉर्न सुरू झाला, आणि थांबायचं नाव घेईना. साहेब दचकले. "आता ही कसली बोंब?"

"ही खरी आहे, मामा!" म्हणत जावईबापू पिशवी उचलून धूम पळाले.